बाळाच्या पूरक आहारात मासा केव्हा आणि कसा

महोदय,

जून-जुलैमधील मासेमारीबंदी संपून किनाऱ्यावरचे बाजार पुन्हा भरू लागले की, ज्या घरांत सहा-आठ महिन्यांचे बाळ आहे तेथे एक प्रश्न हमखास निघतो: बाळाला मासा आताच द्यावा, की दात येईपर्यंत, चालू लागेपर्यंत थांबावे? आरोग्यसेविका म्हणून सिंधुदुर्गात नोकरी करताना मी पाहिले ते असे की, बहुतेक घरी थांबायचेच ठरते. ज्या गोष्टींत खरोखर जपायला हवे, त्या मात्र निर्धास्तपणे केल्या जातात. हे पत्र त्याविषयी आहे.

मासा उष्ण पडतो, लहान पोटाला जड जातो, दुधाबरोबर मासा पोटात गेला तर अंगावर कोड उठते, अशी कारणे थांबण्यासाठी सांगितली जातात. यांतले शेवटचे कारण अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत फारच आड येते. त्याच्या पोटात दूध नाही अशी वेळच सहसा नसते, त्यामुळे मासा थेट दूध तुटेपर्यंत लांबणीवर पडतो. वास्तविक कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच त्वचेतील रंगपेशी नष्ट केल्यामुळे होणारा विकार आहे आणि दूध-माशाशी त्याचा काही संबंध नाही. ॲलर्जीच्या भीतीला मात्र एके काळी डॉक्टरांचाही दुजोरा होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना मासा तीन वर्षांपर्यंत देऊ नये असे सुचवले होते. परंतु उशीर केल्याने ॲलर्जी टळते याला पुरेसा पुरावा नसल्याचे सांगून २००८ मध्ये त्याच संघटनेने आपली भूमिका बदलली. आपल्याकडे जुना सल्ला अजून फिरतो आहे, आणि तो सांगणाऱ्यांत केवळ आज्याच आहेत असे नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा महिने पूर्ण झाल्यावर, स्तनपान चालू ठेवूनच, बाळाच्या रोजच्या आहारात अंडी, मांस किंवा मासे यांपैकी काही असावे. याच सुमारास जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि नुसत्या पेजेने किंवा वरणाच्या पाण्याने ती तूट भरून निघत नाही. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले. माशात लोह फार असते असे नाही, पण डाळ-भातातील लोह शरीरात शोषले जाण्यास तो मदत करतो. शिवाय ब-१२ जीवनसत्त्व, आयोडीन आणि मेंदूच्या वाढीला लागणारी स्निग्धाम्ले त्यातून मिळतात.

सुरुवात करताना पहिल्यांदा एकच मासा, चमचाभर, सकाळच्या वेळी आणि बाळ ठणठणीत असताना द्यावा. लसीकरणाच्या दिवशी देऊ नये, कारण मग ताप वा पुरळ कशामुळे आले ते कळत नाही. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे ही लक्षणे बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतात. क्वचित काही तासांनी वारंवार उलट्या होऊन बाळ मलूल पडते. श्वासाला त्रास होऊ लागला किंवा बाळ निपचित पडले, तर घरगुती उपाय न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा अन्य पदार्थाची ॲलर्जी आधीच दिसली आहे, त्याच्यासाठी आधी डॉक्टरांशी बोलावे. एरवी मासा सोसला की, तो आहारात टिकवून धरावा.

काट्याची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आपल्या बोटांत आहे. मासा वाफवून किंवा साध्या पाण्यात शिजवून, मांस काट्यापासून सहज सुटू लागल्यावर चांगल्या उजेडात दोन बोटांच्या चिमटीत कण न् कण चुरडून पाहावा आणि मगच मऊ भातात कालवावा. मिक्सरवर भरवसा ठेवू नये, कारण त्यात काटा बारीक होतो, नाहीसा होत नाही. घशात काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावण्याची आपली रीत मोठ्यांसाठीही चांगली नाही, बाळाचा तर तिने श्वासच कोंडू शकतो. बाळाचा वाटा मसाला, तिरफळ आणि मीठ पडण्यापूर्वीच बाजूला काढावा. वर्षाच्या आतील बाळाला वरून मीठ लागत नाही. त्याच कारणाने खारा बांगडा आणि इतर खारवलेले मासे या वयात वर्ज्य समजावेत.

मासा कोणता, याबाबत एक अडचण प्रांजळपणे मांडायला हवी. काटे कमी म्हणून मुलांसाठी सुरमई घेण्याकडे लोकांचा कल असतो. परंतु दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे मासे जितके वाढतात, तितका त्यांच्यात पारा साठत जातो. म्हणून मोठी सुरमई आणि मोठा कुपा (ट्यूना) टाळावा, तर मुशी-मोरी, म्हणजे शार्क, बाळाला देऊच नये. दूध यावे म्हणून बाळंतिणीला मुशी खाऊ घालण्याच्या चालीचाही या निमित्ताने फेरविचार व्हावा. त्यांऐवजी मुडदुशी, लहान पापलेट, बोंबील, ताजी तारली हे मासे घ्यावेत; यांतले बोंबील आणि तारली खिशालाही परवडतात. प्रमाणाविषयी अमेरिकी सरकारी सल्ला एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी प्रत्येक वेळी सुमारे ३० ग्रॅम आणि आठवड्यातून दोनदा असा आहे. त्याहून लहान बाळाला अर्थातच कमी पुरते.

बांगडा मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावा. बर्फाविना पडून राहिलेल्या बांगड्यात किंवा कुप्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, ते कितीही शिजवले तरी जात नाही, आणि त्यामुळे चेहरा लाल होणे, पुरळ, उलट्या अशी हुबेहूब ॲलर्जीसारखी लक्षणे उद्भवतात. मग दोष माशाच्या जातीवर येतो आणि त्या मुलाच्या ताटातून मासा वर्षानुवर्षे हद्दपार होतो. लालबुंद कल्ले, चकचकीत डोळे आणि घट्ट अंग नसेल, तर मोठ्यांनी काय ते ठरवावे, बाळाला तो देऊ नये.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या अंगणवाड्यांतून पूरक आहाराची जी पत्रके वाटली जातात, त्यांपैकी माझ्या पाहण्यात आलेल्यांत नाचणी, मूग, गाजर यांची कृती तपशीलवार असते आणि पुढे ‘मासे, अंडी’ एवढे दोनच शब्द असतात. महिला व बालविकास विभागाने निदान किनारपट्टीच्या तालुक्यांसाठी स्वतंत्र पत्रक काढावे. त्यात तेथे मिळणाऱ्या माशांची तेथेच बोलली जाणारी नावे, काटे काढण्याची चित्रे आणि ॲलर्जीची लक्षणे असावीत, आणि मजकूर छापण्यापूर्वी तो बालरोगतज्ज्ञांबरोबरच मासे विकणाऱ्या बायकांनाही वाचून दाखवावा, कारण पहिल्या माशाबद्दल तरुण आया सल्ला विचारतात तो बऱ्याचदा त्यांनाच.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सिंधुदुर्ग