शीव ते गायमुख : एकच नियंत्रण कक्ष हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबई असो, ठाणे असो की नवी मुंबई, कॅमेरे आणि गर्दी पाहून स्वतःच वेळ बदलणारे सिग्नल बसवण्याची चर्चा सगळीकडेच आहे. ते जरूर बसवावेत. पण प्रत्येक शहराने ते आपल्या हद्दीपुरतेच बसवले, तर शीवपासून घोडबंदरपर्यंत रोज कोंडीत अडकणाऱ्यांच्या पदरात फारसे काही पडणार नाही.

लाल बहादूर शास्त्री मार्ग शीवहून निघतो आणि मुलुंड चेकनाक्याला मुंबईची हद्द संपते. तोच रस्ता पुढे ठाण्यात तीन हात नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो. अलीकडे मुंबई महापालिका आणि मुंबई वाहतूक पोलीस, पलीकडे ठाणे महापालिका आणि ठाण्याचे पोलीस. माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याला लागले की गायमुखनंतर २०२० मध्ये स्थापन झालेले मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू होते. ऐरोली पूल ओलांडला तर नवी मुंबई. मुलुंडकराच्या अर्ध्या तासाच्या परिघात चार पोलीस आयुक्तालये येतात, आणि मुंबई महानगर प्रदेशातल्या महापालिका मोजल्या तर त्या नऊ भरतात.

याचा सिग्नलशी थेट संबंध आहे. एक हिरवा मिळाला की पुढचेही ओळीने हिरवे मिळावेत, यासाठी लागोपाठच्या सिग्नलांचे आवर्तन (लाल-हिरव्याच्या एका फेरीचा वेळ) एकमेकांशी जुळावे लागते आणि प्रत्येकाचा हिरवा दिवा आधीच्यापेक्षा ठरावीक सेकंदांनी उशिरा लागावा लागतो. चेकनाक्याच्या दोन्ही बाजूंच्या यंत्रणा वेगवेगळ्या हिशेबाने चालल्या की ही साखळी नेमकी तिथेच तुटते. मुंबईच्या बाजूने गाड्या भराभर सोडल्या, तर त्या तीन हात नाक्यावर जाऊन थांबणार. तिथली रांग मागे सरकत मुलुंडमध्ये येईपर्यंत मुंबईच्या सिग्नलला तिचा पत्ताच नसतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला, त्याने दिलासा नक्कीच मिळाला. पण संध्याकाळी पूर्व द्रुतगती महामार्गावरचा आनंदनगर ते कोपरी हा टप्पा आजही जीव नकोसा करतो.

अवजड वाहनांचे हाल तर याहून वाईट. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर मोठ्या संख्येने घोडबंदरवरूनच जातात. गायमुखच्या घाटात रस्त्याची दुरुस्ती निघाली की एक आयुक्तालय बंदीची अधिसूचना काढते आणि त्याचा भार शेजारच्या हद्दीत जाऊन पडतो. बंदीच्या वेळा जुळल्या नाहीत की ट्रक वेशीवर रस्त्याच्या कडेला उभे राहतात. दोन मार्गिका अशाच अडल्या की मागे रुग्णवाहिकाही अडकते. ठाण्यापलीकडचे कितीतरी रुग्ण शीवच्या रुग्णालयात याच रस्त्याने येतात, हे विसरू नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार मुळात राज्य सरकारचा आहे. मग चार कार्यालयांच्या चार अधिसूचनांऐवजी संपूर्ण पट्ट्यासाठी एकच वेळापत्रक राज्याने का काढू नये?

समन्वय जमत नाही, असे कोणी म्हणू नये. प्रत्यारोपणासाठी अवयव न्यायचा असतो तेव्हा हेच पोलीस एकमेकांशी बोलून हद्दी ओलांडणारा ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे न थांबता जाता येईल असा मोकळा मार्ग, करून दाखवतात, आणि त्यासाठी त्यांना मनापासून सलाम. तो समन्वय रोजच्या कामात यायला हवा. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या आय-२१० महामार्गासाठी राज्याचा परिवहन विभाग, तिथली काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे प्रशासन) आणि पासाडेना, आर्केडिया, मोनरोव्हिया, दुआर्टे ही चार शहरे एकत्र आली. महामार्गावर अपघात झाला तर वाहतूक कुठल्या शहरातल्या कुठल्या रस्त्याने वळवायची आणि तिथले सिग्नल कसे बदलायचे, हे आधीच ठरवून ठेवण्याची ती योजना आहे. यात सर्वात मोलाचे आहे ते आधी ठरवणे. यंत्रे नंतरही घेता येतात.

आपल्याकडेही २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांसाठी एकत्रित महानगर परिवहन प्राधिकरण सुचवले होते. मुंबईसाठी ते नावापुरते नको, निर्णय घेणारे आणि ते पाळायला लावणारे हवे. तोवर निदान शीव ते गायमुख या एका पट्ट्यासाठी संयुक्त नियंत्रण कक्ष उघडावा. तिथे सर्व आयुक्तालयांचे, महापालिकांचे आणि याच पट्ट्यात मेट्रो ४ चे काम करणाऱ्या एमएमआरडीएचे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे) अधिकारी एकत्र बसावेत. सिग्नल बसवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असल्या तरी त्यांच्या यंत्रणांनी एकमेकींना माहिती दिलीच पाहिजे, ही अट निविदेतच असावी. बेस्ट आणि ठाणे परिवहनच्या बसना सिग्नलवर प्राधान्य मिळावे. आणि गाड्यांचा वेग वाढवण्याच्या नादात पादचाऱ्यांचा हिरवा दिवा आखडू नये, कारण रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धांना आजच तो पुरत नाही.

या पट्ट्यावरचा प्रवासाचा सरासरी वेळ दर महिन्याला जाहीर करावा, म्हणजे कक्षाचा उपयोग होतो की नाही हे लोकांना तपासता येईल. मुंबई आणि ठाण्याच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधिमंडळात एकत्र मांडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)