फोंड्याच्या काकांना, त्यांच्या वहीबद्दल

प्रिय काका,

नाव घालत नाही. तुमच्या लग्नाच्या हॉलच्या उद्घाटनाच्या फोटोतसुद्धा तुम्ही खांबाआड उभे आहात, तेव्हा इथे चारचौघांत ओढलेलं तुम्हाला रुचायचं नाही. पण हे पत्र उघडपणे लिहायचं म्हणून दोन वर्षं राहून गेलंय.

आठवतं का, गणपतीची चवथ होऊन आठ-दहा दिवस झाले होते. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईसाठी गूगलवर जाहिरात करायची होती. मी पणजीहून टापटीप मजकूर करून आणला होता : ‘५०० पाहुण्यांची प्रशस्त सोय’. तुम्ही चष्मा वर केलात आणि म्हणालात, “एका पंगतीला १२० पानं बसतात. पाचशे म्हणजे चार पंगती आणि वर घरची माणसं. मुलीचा बाप साडेतीनला जेवतो. ते लिही.” मी मनात म्हटलं, झालं, हे गिऱ्हाईक जड जाणार. तरी लिहिलं : ‘एका पंगतीला १२०’. पुढे फोन करणारे हॉलबद्दल विचारायचे ते नेमकं याच ओळीवरून, हे मला फार उशिरा कळलं.

दोन महिने जाहिरात चालली. महिन्याला ३० हजार, म्हणजे ६० हजार गेले. माझा रिपोर्ट मात्र बघत राहावा असा होता. क्लिक वाढलेले, क्लिकचा दर उतरलेला, लीड, म्हणजे चौकशा, २१४, सगळे बाण हिरवे. तो घेऊन आले, तर तुम्ही टेबलाच्या खणातून लांब वही काढलीत. तारीख, नाव, गाव, काय विचारलं. चार रकाने, निळी शाई. गुरगाव : समुद्र किती लांब? नोएडा : हळद स्विमिंग पूलजवळ करता येईल का? बेंगळुरू : किनाऱ्यावर फेरे. पुणे : कॉकटेलला परवानगी आहे का? शाकाहारी पंगतीच्या, चारी बाजूंनी देवळं असलेल्या हॉलला! पानामागून पान तसंच. प्रत्येकाला तुम्ही शांतपणे सांगितलं होतं, ‘इथून देऊळ जवळ, समुद्र लांब.’ मग माझ्याकडे बघून विचारलंत, “बाय, हांगा दर्या खंय आसा गो?”

आणि मी काय म्हटलं? “काका, यातून ब्रँड अवेअरनेस होतो.” आधीच्या नोकरीत शिकलेलं उत्तर होतं ते, तोंडात तयार. तुम्ही मान हलवलीत. परतीच्या बसमध्ये बाणस्तारीचा पूल येईपर्यंत मला त्या उत्तराची लाज वाटायला लागली होती.

रात्री खातं उघडलं. भानगड एका सेटिंगची होती. गूगलवर जाहिरातीसाठी ‘गोवा’ निवडलं की ती फक्त गोव्यात असलेल्यांना दिसेल असं आपण धरून चालतो. पण आपोआप निवडलेला पर्याय वेगळा असतो : त्या जागेत असलेली माणसं, किंवा त्या जागेत रस दाखवणारी माणसं. तो खाली, एका मिटलेल्या ओळीत लपलेला. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात हे फारसं अंगाशी येत नसेल, पण गोव्यात रस कुणाला नसतो? सुट्टीचे बेत करत दिल्लीत बसलेला प्रत्येक जण आपला गिऱ्हाईक ठरला. माणूस क्लिक करताना प्रत्यक्षात कुठे होता, हे दाखवणारा वेगळा रिपोर्ट असतो. तो मी दोन महिन्यांत एकदाही उघडला नव्हता. ६० हजारांतले ४१ हजार गोव्याबाहेर गेले होते.

उरलेल्या १९ हजारांचीही गंमतच. त्यातले निम्मे क्लिक हॉलचं नाव टाइप करून आलेल्यांचे, म्हणजे जे तसेही तुमच्याकडेच येणार होते. (स्वतःच्या नावावर जाहिरात करणं नेहमीच वाया जातं असं नाही, तुमचं नाव शोधणाऱ्यांसमोर शेजारचा हॉल स्वतःची जाहिरात लावत असेल तर करावी लागते. इथे कुणी लावत नव्हतं.) आणि ते २१४ लीड? वेबसाइटवर फोनच्या बटणाला बोट टेकलं की एक लीड. पुढे कुणी बोललं की नाही, ते रिपोर्टला माहीत नाही. तुमच्या वहीला माहीत होतं.

खरं सांगते काका, गप्प बसणं फार सोपं होतं. जाहिरातीचं खातं माझ्या एजन्सीच्या नावावर होतं, तुम्हाला त्यात डोकावताही येत नव्हतं. सेटिंग हळूच बदललं असतं तर पुढच्या महिन्यात आकडे सुधारले असते आणि वर तुमच्याकडून शाबासकीही मिळाली असती. आधीच्या ऑफिसात असंच चालायचं, वर त्याला ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणायचे. पण डोळ्यांसमोर तो साडेतीनला जेवणारा मुलीचा बाप येत होता. स्वतःच्या हॉलची उणी बाजू जो माणूस जाहिरातीत घालायला लावतो, त्याला हा हिरवा कागद द्यायचा कसा?

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुम्ही आचाऱ्याशी केळीच्या पानांच्या दरावरून वाद घालत होता. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. तुम्ही एकच विचारलंत, “कितले गेले?” मी आकडा सांगितला. तो तुम्ही वहीत लिहिलात, खाली रेघ मारलीत, आणि पंप बंद करायला निघून गेलात. ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. परत आलात ते विचारत, “तुला कोणी पकडलं?” नाही म्हटलं. “मग बस.”

मी तुमची फी परत करते म्हटलं, ते तुम्ही ऐकलं नाहीत. फुकट काम करशील तर कंटाळशील, म्हणालात. गेलेले पैसे मात्र सोडले नाहीत. पुढच्या हंगामापासून जाहिरातीचा थोडा-थोडा खर्च माझ्या खिशातून, ४१ हजार फिटेपर्यंत. ‘असू दे गं’ म्हणून सोडून दिलं असतंत, तर मी तुमच्यासमोर कायम ओशाळून वावरले असते. हिशेब ठेवलात म्हणून मान वर करून येता आलं.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं त्याच्याच ईमेलवर उघडते, कार्डही त्याचंच. मला फक्त काम करण्यापुरती परवानगी. रिपोर्टचं पहिलं पान मराठीत असतं : फोन किती, कुठल्या गावांहून, बघायला किती आले, आगाऊ रक्कम किती जणांनी दिली. शेवटचा आकडा गिऱ्हाईकच देऊ शकतं, तेव्हा महिन्यातून एकदा बसावंच लागतं. आणि त्याखाली, या महिन्यात काय फसलं.

सगळ्यांना हे मानवतं असं नाही. एका कपड्यांच्या दुकानदाराला विकत घेतलेले पाच-पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू हवे होते. मी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याची आठवण करून दिली, फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळेलाच १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो म्हटलं. त्याने दुसरी एजन्सी धरली. ते पैसे मला त्या महिन्यात चांगलेच हवे होते, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या ओळखीने दोघे आले. त्यांना तुम्ही काय सांगितलंत तेही कळलं : “पोर चुकतं, पण येऊन सांगतं.” हे काही वेबसाइटवर छापता यायचं नाही.

२६ हजार फिटले, १५ राहिले. तुळशीचं लग्न झालं की येते. तुमची वही आता संपत आली असेल. येताना म्हापशाहून नवी लांब वही आणते, गावाचा रकाना जरा रुंद आखून.

देव बरें करूं, काका.

तुमची,
जाहिरातवाली बाय