‘यांच्यासोबत कोण राहणार?’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या फुप्फुस प्रत्यारोपणाला आता दीड वर्ष झाले. प्रतीक्षायादीत नाव घालण्यापूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला पुन्हापुन्हा विचारले, ‘यांच्यासोबत कोण राहणार?’ शस्त्रक्रियेनंतर काही महिने रुग्णालयाजवळ मुक्काम, घड्याळाच्या काट्यावर औषधे आणि सततच्या तपासण्या असल्याने सांभाळणारे माणूस आधीच ठरलेले लागते. घरातल्या प्रत्येकाचे आजारपण ज्यांनी काढले, त्यांच्यासाठी एक नाव ठरवायला आम्हाला पंधरा दिवस लागले, हे लिहिताना लाज वाटते.

मुक्काम शस्त्रक्रियेआधीही पडतो. शरीराबाहेर काढलेले फुप्फुस साधारण सहाच तास टिकते. मध्यरात्री फोन आला आणि कसारा घाटात वाहतूक तुंबली, तर काय करणार? म्हणून आम्ही खोली भाड्याने घेतली. त्यात बायकांच्या छातीचा पिंजरा लहान असल्याने त्या मापाचे फुप्फुस मिळणे अवघड असते आणि गरोदरपणात रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे काही दात्यांचे अवयव जुळत नाहीत. त्यामुळे बाईची प्रतीक्षा बरेचदा लांबते. भाडे मात्र दरमहा द्यावेच लागते.

घरी परतल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर चालतात. त्यांपैकी मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून तरुण मुलींना याबाबत नीट, एकांतात समुपदेशन मिळायला हवे. जाऊबाईंचा प्रश्न वेगळाच होता. हळदीकुंकवाला मास्क लावून गेल्या, तर बायका दोन हात लांब बसल्या. (खरे तर संसर्गाची भीती जाऊबाईंना होती!)

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे. विद्यापीठाने जिल्हा रुग्णालयाच्या मदतीने अशा महिलांसाठी महिन्यातून एक बैठक सुरू करावी, श्वसनाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट द्यावा, मुंबई-पुण्यातील मुक्कामाच्या सोयींची माहिती एका ठिकाणी ठेवावी आणि समुपदेशनाला नवरा, दीर, मुलगे यांनाही आवर्जून बोलवावे, अशी विनंती आहे. औषधांच्या वेळा आणि रोजच्या श्वासमापनाचे आकडे वहीत कसे टिपायचे, हे दाखवायला जाऊबाई स्वतः येणार आहेत. जागा तेवढी तळमजल्यावरची, हवेशीर आणि कबुतरांपासून दूर असावी.

– एक वाचक, नाशिक रोड