बरणीच्या काठावरचा रंग

प्रिय मित्रा,

"सध्या काय मोठं चाललंय?" असं विचारलंयस. मोठं काही नाही. गेले दोन महिने मी चित्रात एक बरणी काढतोय. ब्रश धुवायची, टर्पेंटाइनची. हस, हस.

झालं असं, की आवराआवर करताना ती हातातून निसटली. फुटली नाही, पण काठावर साचलेल्या रंगाचा एक टवका उडाला. ब्रश बुडवण्याआधी जादा रंग काठावर निपटायची माझी सवय. घाणेरडी सवय, असं तू म्हणायचास. वर्षानुवर्षं एकाच जागी, उजव्या अंगाला निपटत आलोय. टवक्याची तुटलेली कड उजेडात धरली, तर आत नुसते थरच थर. तळाशी प्रशियन ब्लू, म्हणजे ती निळ्या चित्रांची भानगड. त्यावर करड्याचा जाड पट्टा. बाबा गेले त्या वर्षी दुसरा रंग उचलावासाच वाटत नव्हता. मध्येच केसासारखी एक लाल रेघ. ते चित्र कुठलं, काही केल्या आठवत नाही.

त्यातली निम्मी चित्रं मीच फाडली, काही विकली गेली. टाकून दिलेला रंग मात्र ओळीने शिल्लक. खरं सांगू, थोडा रागच आला.

मोरांदी या इटालियन चित्रकारावरून आपण किती भांडायचो! याला बाटल्यांपलीकडे काही सुचत नाही, हा तुझा मुद्दा. १९६४ साली जाईपर्यंत हा माणूस बोलोन्यातल्या घरी, निजायच्याच खोलीत बसून त्याच त्या बाटल्या रंगवत राहिला. चकाकी नको म्हणून बाटल्यांनाच रंग फासायचा, कुठली कुठे ठेवली होती त्याच्या खुणा टेबलावरच्या कागदावर करून ठेवायचा. मला तेव्हा तो हेकटपणा वाटे. परवा बरणी अर्धा इंच सरकली, खिडकीतली तिरीप त्या तुटक्या काठावरून सुटली, आणि आदल्या दिवशीचं अख्खं चित्र खोटं पडलं. मग मीही पेन्सिल घेऊन बुडाभोवती गोल मारला.

ओन कावारा या जपानी चित्रकाराचा नियमही करून पाहिला. ४ जानेवारी १९६६ पासून तो तारखांची चित्रं करत होता, म्हणजे कॅनव्हासवर नुसती त्या दिवसाची तारीख रंगवायची. त्या दिवसाचं चित्र मध्यरात्रीपर्यंत पुरं झालं नाही, तर नष्ट करायचं. मी रोज एक बरणी ठरवली. तिसऱ्याच रात्री अर्धवट कागद फाडवेना. आपल्याला झेपणारं काम नव्हे ते.

आता अडचण वेगळीच झालीय. ब्रश निपटताना हात थबकतो. वर कुठला रंग बसतोय इकडे लक्ष जातं. काल चक्क ठरवून पिवळा निपटला, आणि लाज वाटून लगेच चिंधीने पुसून टाकला.

टवक्याचा एक तुकडा सोबत ठेवलाय. खालून तिसरा, मळकट पांढरा थर दिसेल. तो बहुधा तुझ्या पोर्ट्रेटचा. तुला न आवडलेल्या.

तुझाच,
बरणीवाला