खंड तरंगत नाहीत हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या मुलांच्या पानावर आलं होतं की खंड समुद्रावर तरंगत तरंगत एकमेकांपासून लांब गेले, आणि ते वाचून आमच्या नातीने बादली भरली, थर्माकोलचे दोन तुकडे सोडले, एक भारत एक आफ्रिका, आणि फुंकर मारत बसली. आता काय बोलणार, पेपरात छापलंय म्हटल्यावर पोरांना ते खरंच वाटतं.

अहो, समुद्राचा तळ पण सरकतो, खरी गंमत तर तिथेच आहे! मी सोफ्याच्या दोन गाद्यांमधल्या फटीतून तुमच्याच पेपरची दोन पानं जोडीने वर काढली, दोघांच्या कडेला एकेक शेंगदाणा ठेवला, हा मुंबईचा तो सेशेल्सचा (हिंदी महासागरातली आफ्रिकेच्या बाजूची बेटं), आणि पानं दोन बाजूंना ओढत गेलो. साधारण सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी हे दोघं खेटून होते, आज मध्ये 3,000 किमीच्या वर समुद्र आहे. तिथल्या माहे बेटाचा ग्रॅनाइट सुमारे 75 कोटी वर्षांचा, भर समुद्रातल्या बेटांवर असला दगड सहसा नसतो, तो खंडाचाच मागे राहिलेला तुकडा.

ती फट म्हणजे कार्ल्सबर्ग रिज, समुद्राखालची डोंगररांग. (हो, नाव बिअरवालंच, 1928 ते 1930 च्या डॅनिश मोहिमेला त्यांच्या फाउंडेशनचा पैसा होता.) तिथे खालून लाव्हा येतो, गोठतो, नवा तळ होतो आणि जुना दोन्हीकडे सरकतो, सगळं मिळून वर्षाला जेमतेम अडीच सेंमी. मी साठीचा, म्हणजे माझ्या हयातीत दीड मीटर, आमच्या दिवाणाएवढा समुद्र वाढला की!

नात म्हणाली, आजोबा मग पृथ्वी फुगत का नाही? हा प्रश्न तुमच्या लेखात यायला हवा होता. जुना तळ थंड होऊन जड होतो आणि सुमात्रा-जावाजवळ आहे तशा गर्तेतून, म्हणजे तळातल्या खोल चरीतून, परत खाली जातो, जाताना अख्ख्या प्लेटला, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या त्या सरकत्या तुकड्याला, ओढतो. म्हणून तर कॅनडात 400 कोटी वर्षांचा खडक मिळतो आणि समुद्रतळावर 20 कोटींच्या पलीकडचं जवळजवळ काहीच मिळत नाही.

येत्या रविवारी दुरुस्ती छापा, जमलं तर तळाचा नकाशा पण द्या. आणि शब्दकोड्याचं उत्तर जरा मोठं छापा, कोडं आमच्याकडे ओढाताणीत फाटलं.

आपला,
एक आजोबा, चिंचवड