फुप्फुसातल्या व्हॉल्व्हबद्दल पण छापा

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या रामबागेतल्या काकांना सिव्हिअर एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होऊन आत हवा अडकून राहते तो आजार), दोन पायऱ्या चढले की धाप, आणि डॉक्टर म्हणाले आता फक्त पंप आणि ऑक्सिजन. नंतर दुसऱ्यांकडून कळलं की छाती न उघडता दुर्बिणीने श्वासनळीत छोटे एकतर्फी व्हॉल्व्ह बसवतात, फुगलेल्या भागातली हवा बाहेर जाते, आत येत नाही, तो भाग आकसतो न् चांगल्या फुप्फुसाला जागा मिळते. अमेरिकेत याला 2018 मध्ये मंजुरी मिळालीये! सगळ्यांना चालत नाही हो, शेजारच्या भागातून हवा झिरपत असेल तर उपयोग नाही, विडी-सिगरेट बंद पाहिजे, आणि साधारण चौघांपैकी एकाचं फुप्फुस फाटून छातीत हवा भरते म्हणून काही दिवस ॲडमिट ठेवतात. पण किमान लोकांना सांगा तरी! तुमच्या आरोग्य पानावर डाएटच किती छापणार?

— एक वाचक, इंदूर