दादा, माप एकच ठेव

दादा,

फोनवर बोलायला गेलं की तू चिडतोस आणि मला रडू येतं, म्हणून टाईप करून पाठवतोय. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाच. आईला पण वाचून दाखव, काही गाळू नकोस.

परवा भाचीचा फोन आलता. कॉलेजात कायतर लिहून द्यायचंय, आत्या डबल स्टँडर्ड म्हणजे नेमकं काय गं, मराठीत कसं सांगू. मी लगेच म्हटलं, अगं दुटप्पीपणा, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तिला पटलं, तिनं फोन ठेवला. पण मला काय झोप लागली नाही, कारण टेबलावर तुझं कुरिअर तीन आठवडे पडून आहे. चुलतभावाच्या नावानं मुखत्यारपत्र, म्हणजे मी इथून म्युनिकला वकिलातीत जायचं, सही करून शिक्का घ्यायचा आणि तिकडं त्यानं माझ्या वतीनं आबांच्या जमिनीवरचं हक्कसोड नोंदवून टाकायचं. सही कुठं करायची तिथं तू पेन्सिलीनं बारकी फुली मारलीयस. माझ्या प्रगतिपुस्तकावर आबांनी सही कुठं करायची तिथं तू अशीच फुली मारून द्यायचास, आठवतंय? तीच फुली. बघितल्या बघितल्या ओळखली.

आता मला सांग, तीन वर्षांमागं वैनीचे वडील गेले तेव्हा तिच्या भावानं असलाच कागद पुढं केला होता ना? तेव्हा तू काय केलंस? कायदा तुला तोंडपाठ होता. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं पोरीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून पोराएवढाच हक्क, आणि 2005 ला बाप जिवंत होता का नव्हता हे बघायचं कारण नाही असा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा निकाल, तो तूच मला फॉरवर्ड केलास. आपल्या महाराष्ट्रानं तर 1994 लाच लग्न न झालेल्या पोरींसाठी हे केलेलं, हे पण तुझ्याच तोंडून ऐकलंय. तू तलाठ्याकडं खेपा घातल्यास, वारस नोंद करून घेतलीस, फेरफार होईपर्यंत सोडलं नाहीस. मला तेव्हा इतका अभिमान वाटला तुझा, खरंच, इथल्या मैत्रिणींना सांगत होतो की माझा भाऊ बघा बायकोच्या हक्कासाठी कसा उभा राहिला. आणि आता माझी पाळी आली तर तू म्हणतोस बहिणीनं माहेरची जमीन मागितली तर लोक काय म्हणतील, तुला तिकडं काय कमी आहे, आणि साडीचोळी करतोय की दरवर्षी. हेच शब्द वैनीचा भाऊ बोलला होता, अगदी हेच, आणि तू त्याला लबाड म्हणालास.

मी जमीन मागितलीच नाही दादा. तू विचारलं असतंस की आपला ऊस एकच राहू दे, तुकडे नको करायला, तर मी कदाचित आनंदानं सोडलं असतं. पण तू विचारलं नाहीस, फुली मारून पाठवलीस. आणि आईची सही आधीच घेऊन ठेवलीस, हे मला वैनीकडनं कळलं. आईला तर कळलंही नसंल कशावर सही केली ते. आबांच्या मागं आईचा वाटा तुझ्यामाझ्याएवढाच आहे आणि सातबाऱ्यावर नाव मात्र तुझ्या एकट्याचं लागणार.

आईवरनं दुसरं सांगतो, हे मी कुणालाच बोललो नाही अजून. हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेच करा म्हणून सांगितलं. तेव्हा आपल्या घरात सगळ्यांच्या स्टेटसला हेरवाड होतं, आपल्या जिल्ह्यातलं गाव, शाहूंचा वारसा, काय काय. काकूच्या स्टेटसला पण होतं. आणि आबा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो तर आईचे हात मोकळे. रात्री न्हाणीत पाय धुवायला गेलो, मोरीच्या जाळीत हिरव्या काचेचा तुकडा अडकलेला. बोटाच्या पेराएवढा. काढला, धुतला, आणि पाकिटात घालून इकडं घेऊन आलो. अजून आहे. काकू म्हणाली अगं गावात ठीक आहे ते, आपल्या घरात रीत मोडता येत नाही. तू तिथंच उभा होतास दादा आणि काही बोलला नाहीस. मी पण तिथं काही बोललो नाही.

दसरा चौकात 26 जूनला आपण शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो ना, त्या महाराजांचा धाकटा मुलगा 1918 ला शिकारीत गेला. सून इंदुमती अगदी कोवळ्या वयाची. महाराजांनी घरातला विरोध सोसून सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली. लोकांसाठी कायदे केले आणि स्वतःच्या सुनेला कोपऱ्यात बसवलं असं नाही केलं त्यांनी. आबा हे किती वेळा सांगायचे आपल्याला, जेवताना.

मी काय सुटलेलो नाही यातनं. माहेरी आलो की मी नऊपर्यंत झोपतो आणि वैनी पाचला उठून चहापाण्याला लागती, मला कधी वावगं वाटलं नाही. तिला तिच्या माहेरी चार दिवस जास्त राहायचं होतं त्या दिवाळीला, तेव्हा सगळ्यांनी तोंड वाकडं केलं त्यात मी पण होतो. मी म्हणालो होतो, मी वर्षानं येतो आणि ही नेमकी निघाली. वैनीला सांग माझं चुकलं. नको, मीच सांगतो तिला, फोन करतो रविवारी.

इथं पुण्याची एक मैत्रीण आहे, मला सारखी विचारती, तू बाई असून मी येतो मी जातो असं कसं बोलतीस. मी सांगतो आमच्या कोल्हापुरात पोरी असंच बोलतात. फार बरं वाटतं सांगताना. पण त्या दिवशी कुरिअर उघडलं आणि वाटलं, बोलताना आम्ही येतो आणि तलाठ्याकडं गेलं की आम्ही गेलो.

तर मी सही करत नाही. कागद परत पण पाठवत नाही, मे मध्ये येतो तेव्हा सोबत आणतो. तोवर आधी आईचं नाव वारसात लाव, माझंही लाव, मग आपण तिघं बसू, वैनीला पण बसवू, तिचा हिस्सा तिनं कसा ठेवलाय ते तिच्याकडनंच ऐकू. ऊस तूच पिकवतोस, राबतोस तूच, ते मला मान्य आहे आणि ते मी बसताना सगळ्यांसमोर बोलणार.

आणि एक काम कर, यासाठी मे ची वाट बघू नकोस. महाद्वार रोडला जाऊन आईला कासाराकडनं बांगड्या भर. हिरव्याच. ती नको म्हणेल, दोनदा नको म्हणेल, तरी भर. माप सव्वादोन.

तुझी,
ताई नाही, धाकटीच